आल्बर्ट जॅका यांना दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस खरोखर नाकारला गेला का?

सातारकर_वाचक :

पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन पायदळाविषयी वाचताना आल्बर्ट जॅका हे नाव सतत समोर येते. मे १९१५ मध्ये तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे लान्स कॉर्पोरल असताना त्यांनी केलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला आणि त्या युद्धात ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्सच्या वाट्याला आलेला तो पहिलाच व्हिक्टोरिया क्रॉस होता, इथपर्यंत सगळे लेखक एकमताने सांगतात. पुढे ऑगस्ट १९१६ मध्ये फ्रान्समधील पोझिएर येथील कामगिरीसाठी त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला आणि एप्रिल १९१७ मध्ये बुलकूर येथील टेहळणीसाठी तोच सन्मान दुसऱ्यांदा मिळाला, यावरही वाद नाही.

वाद सुरू होतो तो याच्या पुढे. त्यांच्या बटालियनमधील सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की पोझिएरची कामगिरी गॅलिपोलीतील कामगिरीहून कितीतरी मोठी होती आणि तिला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉसच मिळायला हवा होता, परंतु वरिष्ठांना तोंडावर सुनावणारा हा माणूस त्यांना नकोसा झाला होता, म्हणून त्याला कमी प्रतीच्या पदकावर समाधान मानावे लागले आणि युद्ध संपेपर्यंत तो कॅप्टनच राहिला. उलट बाजूने, ही सगळी नंतर रचलेली दंतकथा आहे, असेही म्हटले जाते. पदकांच्या शिफारशी त्या काळी कशा होत असत याची जाण असलेल्या सभासदांनी या दोन्ही बाजू पुराव्यानिशी तपासून सांगाव्यात, अशी विनंती आहे. केवळ 'थोर योद्धा' एवढे उत्तर मला नको आहे.

नकाशावाला :

प्रश्न चांगला आहे, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन्ही घटना जमिनीवर नेमक्या कशा घडल्या हे समोर ठेवले पाहिजे, कारण बहुतेक वाद तपशील न पाहता घातले जातात.

प्रथम गॅलिपोली. १९ मे १९१५ च्या पहाटे तीनच्या सुमारास तुर्की सैन्याने अँझॅकच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेच्या, संपूर्ण आघाडीवर एकाच वेळी हल्ला केला. हल्ल्यात सुमारे ४२,००० तुर्की सैनिक होते आणि समोर सुमारे १७,००० ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडचे सैनिक. समुद्रकिनाऱ्यावर चिकटून बसलेल्या या फौजेला पाण्यात ढकलून द्यायचे, असा तुर्कांचा सरळ हिशेब होता. तो साफ फसला. दुपारपर्यंत त्यांचे सुमारे १०,००० सैनिक जायबंदी झाले होते आणि त्यांपैकी सुमारे ३,००० ठार झाले होते. दोन खंदकांमधील प्रेतांची अवस्था अशी झाली, की २४ मे रोजी केवळ दफनासाठी तह करावा लागला. एवढ्या मोठ्या हल्ल्यात तुर्कांना पाय ठेवायला जी अगदी थोडी जागा मिळाली तीत कोर्टनीज पोस्ट या कड्याच्या टोकावरील खंदकाचा काही यार्ड लांबीचा तुकडा होता. तिथे चौथ्या ब्रिगेडमधील चौदाव्या बटालियनचे, म्हणजे जॅकाच्या बटालियनचे, लोक होते. लेफ्टनंट हॅमिल्टन मारले गेले, इतर जखमी झाले आणि त्या तुकड्याच्या एका वळणाआड जॅका एकटा उरला. मातीच्या आडोशामागून गोळ्या झाडत त्याने तुर्कांना पुढे सरकू दिले नाही.

लेफ्टनंट क्रॅब यांनी मागून येऊन विचारले, की माणसे दिली तर चढाई करशील का. पहिला प्रयत्न समोरून झाला आणि त्यात जॅकाच्या सोबतचा सैनिक जखमी झाला, तेव्हा समोरून जाणे म्हणजे जीव फुकट घालवणे आहे हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने बेत बदलला. बाकीच्यांनी एका टोकाकडून हातबॉम्ब टाकून व गोळीबार करून तुर्कांचे लक्ष गुंतवून ठेवायचे आणि स्वतः जोडखंदकातून वळसा घालून, दोन सैन्यांमधील मोकळ्या जमिनीवरून, मागच्या बाजूने त्यांच्यात उडी घ्यायची. तसेच झाले. पाच जणांना त्याने गोळीने व दोघांना संगिनीने मारले आणि उरलेले पळाले. रोजनिशीत या प्रसंगाला त्याने मोजकी वाक्ये दिली आहेत : तीन कैदी पकडल्याची नोंद आहे, पंधरा मिनिटे खंदक एकट्याने धरून ठेवल्याची नोंद आहे आणि क्रॅब यांनी शिफारस करणार असल्याचे सांगितले हेही त्याने लिहून ठेवले आहे.

हे शेवटचे वाक्य आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. अधिकारी तिथे हजर होता, बेत त्याच्या परवानगीने ठरला होता, परिणाम त्याने लगेच डोळ्यांनी पाहिला आणि साक्ष देणारे इतर सैनिकही जिवंत होते. शिवाय राजपत्रातील मजकूर पाहिला तर तो वस्तुस्थितीपेक्षा अधिक सुटसुटीत आहे. त्यात तारीख १९-२० मेची रात्र अशी दिली आहे आणि खंदकात शिरलेले सातही तुर्क मारले गेले असे चित्र उभे केले आहे. कैदी, पळून गेलेले लोक आणि बॉम्ब टाकून मदत करणारे सोबती त्यातून गळाले आहेत.

आता पोझिएर. ६ ऑगस्ट १९१६ च्या रात्री चौदावी बटालियन गावाबाहेरच्या उंचवट्यावरील आघाडीत शिरली. तोफांच्या माऱ्याने खंदक असे काही उरलेच नव्हते, खड्ड्यांना खड्डे जोडून माणसे बसली होती. ७ तारखेच्या पहाटे जोरदार भडिमारानंतर जर्मन पायदळ पुढे आले आणि या विरळ आघाडीवरून सरळ पलीकडे निघून गेले. जॅका, जो आता सेकंड लेफ्टनंट झाला होता, आपल्या काही माणसांसह भुयारी निवाऱ्यात होता. जाता जाता एका जर्मनाने त्यात बॉम्ब सोडला. त्यातून वाचलेल्यांना घेऊन जॅका वर आला तेव्हा जर्मन त्याच्या पाठीमागे, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाजूला, पोहोचले होते. आपल्या आघाडीकडे निसटून जाण्याचा मार्गच उरला नव्हता.

जेमतेम सात-आठ माणसे गोळा करून तो थांबला. थोड्याच वेळात जर्मनांची एक तुकडी अठ्ठेचाळिसाव्या बटालियनच्या सुमारे चाळीस कैद्यांना घेऊन आपल्या बाजूकडे परत येताना दिसली. ती अगदी जवळ येईपर्यंत वाट पाहून जॅकाने तिच्यावर झडप घातली. पहारेकरी गोंधळले तसे कैद्यांनी त्यांच्याच बंदुका हिसकावून घेतल्या, आसपासच्या खड्ड्यांत दबून राहिलेले ऑस्ट्रेलियन उठून धावले आणि काही मिनिटे त्या उघड्या माळावर संगिनी, बंदुकीचे दस्ते व मुठी यांची सरमिसळ लढाई झाली. जॅकाच्या सोबतचे सर्वजण जखमी झाले. त्याला स्वतःला सात जखमा झाल्या, त्यांतली एक गोळी उजव्या खांद्याखालून आरपार गेली होती. शेवटी कैदी सुटले, सुमारे पन्नास जर्मन पकडले गेले आणि आघाडी पुन्हा ऑस्ट्रेलियनांच्या हाती आली.

ऑस्ट्रेलियाचे अधिकृत युद्धेतिहासकार चार्ल्स बीन यांनी एका व्यक्तीने दाखवलेल्या धाडसाचे ऑस्ट्रेलियन सैन्याच्या इतिहासातील सर्वांत नाट्यमय आणि परिणामकारक उदाहरण म्हणून या कृतीकडे बोट दाखवले आहे. बीन हे भाटगिरी करणारे लेखक नव्हते, त्यामुळे त्यांच्या या निवाड्याला वजन आहे. माझ्या मते पोझिएरची कामगिरी गॅलिपोलीहून मोठी होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र पदक का मिळाले नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

माजी_सुभेदार :

नकाशावाला यांनी मांडणी उत्तम केली आहे. मी कागदोपत्री बाजूविषयी थोडे सांगतो.

पदक हे कृत्याला मिळते असे आपण म्हणतो, परंतु प्रत्यक्षात ते शिफारशीला मिळते. बटालियनचा प्रमुख लिहितो, ब्रिगेडियर त्यावर शेरा मारतो, तिथून कागद डिव्हिजन, कोअर, आर्मी अशा पायऱ्या चढतो आणि कुठल्याही पायरीवर एका शब्दाने खालच्या पदकात बदलला जाऊ शकतो. व्हिक्टोरिया क्रॉससाठी प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी लागत असत. कोर्टनीज पोस्टवर साक्षीदार शाबूत होते. पोझिएरला जॅका यांच्यासह सगळी टोळी इस्पितळात गेली होती, बटालियनचे मुख्यालय घटनास्थळापासून दूर होते आणि जे घडले ते एका माळावर, तीन-चार तुकड्यांच्या गर्दीत घडले. खुद्द जॅका लंडनच्या इस्पितळात असताना तिथल्या वृत्तपत्रांत त्यांच्या मृत्यूची बातमी छापून आली होती, यावरून त्या आठवड्यांत माहिती किती विस्कळीत होती याची कल्पना यावी. गॅलिपोलीचा व्हिक्टोरिया क्रॉस राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते विंडसर येथे त्यांना याच आजारपणानंतर, सप्टेंबर १९१६ मध्ये, देण्यात आला.

दुसरा मुद्दा हुद्द्याचा. लान्स कॉर्पोरलसाठी १९१५ साली व्हिक्टोरिया क्रॉस किंवा डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल असे दोनच ठळक पर्याय होते. मिलिटरी क्रॉस हे पदक डिसेंबर १९१४ मध्ये कॅप्टन व त्याखालील अधिकारी आणि वॉरंट अधिकारी यांच्यासाठी सुरू झाले होते. म्हणून जॅका अधिकारी झाल्याबरोबर त्यांच्यासाठी एक सोयीची, मधली पायरी उपलब्ध झाली. आणि तिच्यावर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर होती. ती इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याला क्वचित दिली जाई, पण जेव्हा दिली जाई तेव्हा व्हिक्टोरिया क्रॉस थोडक्यात हुकला असा तिचा अर्थ सैन्यात लावला जाई. जॅका यांना तीही मिळाली नाही. तेव्हा मूळ शिफारसच थंडपणे लिहिली गेली असावी, हे त्यांच्या सहकाऱ्यांचे अनुमान मला अगदीच निराधार वाटत नाही.

तिसरा मुद्दा मात्र त्यांच्या विरुद्ध जातो. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस ही गोष्ट जवळपास अभूतपूर्व होती. ऑगस्ट १९१६ पर्यंत तो एकाच माणसाला मिळाला होता आणि ते होते आर्थर मार्टिन-लीक, सैन्यातील डॉक्टर. पुढे १९१७ साली नोएल चॅव्हास यांना मरणोत्तर मिळाला, तेही डॉक्टर. हाती शस्त्र घेऊन लढणाऱ्या सैनिकाला दुसऱ्यांदा हा सन्मान मिळण्यासाठी दुसरे महायुद्ध यावे लागले आणि तो मान न्यूझीलंडच्या चार्ल्स अपहॅम यांना गेला. म्हणजे केवळ जॅका यांनाच नव्हे, तर पहिल्या महायुद्धात कोणाही लढवय्या सैनिकाला तो मिळाला नाही.

सातारकर_वाचक :

सुभेदारसाहेब, मनापासून आभार. दुसऱ्या व्हिक्टोरिया क्रॉसचा पूर्वेतिहास मला ठाऊक नव्हता आणि त्यामुळे प्रश्नाचा रोखच बदलतो. परंतु मग बढतीचे काय? मार्च १९१७ मध्ये कॅप्टन झालेला, तीन शौर्यपदके मिळवलेला अधिकारी पुढचे वर्षभर त्याच हुद्द्यावर राहतो, याचे स्पष्टीकरण पदकांच्या नियमांत सापडत नाही.

प्रतिवाद :

बढतीच्या प्रश्नाचे उत्तर बुलकूरमध्ये आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी अर्धाच सहमत आहे.

एप्रिल १९१७ मध्ये जॅका हे चौदाव्या बटालियनचे गुप्तवार्ता अधिकारी होते. हिंडेनबर्ग रेषा या जर्मन तटबंदीवरील नियोजित हल्ल्यापूर्वी ते रात्री काटेरी तारांपर्यंत जाऊन, दोन ठिकाणी तारांच्या आत शिरून पाहणी करून आले, परत येऊन त्यांनी अहवाल दिला आणि पायदळाला दिशा दाखवणाऱ्या फिती अंथरण्याच्या कामावर देखरेख करण्यासाठी पुन्हा बाहेर गेले. काम संपत आले असताना दोन जर्मन समोर आले. त्यांनी फिती पाहिल्या असत्या तर सारा बेत उघडा पडला असता. जॅका यांनी पिस्तूल रोखले, ते उडाले नाही, तेव्हा अंगावर धावून जाऊन त्यांनी दोघांनाही हातांनी पकडले. दुसरा मिलिटरी क्रॉस त्यासाठी मिळाला.

परंतु त्या टेहळणीतून त्यांनी आणलेली बातमी अधिक मोलाची होती. तारा तुटलेल्या नव्हत्या. जनरल गॉफ यांच्या योजनेत तोफखान्याच्या तयारीऐवजी रणगाड्यांनी तारा चिरडाव्यात आणि पायदळाने त्यांच्यामागून जावे, असे ठरले होते. १० एप्रिलच्या पहाटे रणगाडे वेळेवर पोहोचलेच नाहीत आणि बर्फात पडून राहिलेल्या पायदळाला उजेडात माघारी यावे लागले. त्याच योजनेने ११ तारखेला पुन्हा हल्ला झाला. जेमतेम डझनभर रणगाडे होते, त्यांतले बहुतेक तारांपर्यंत पोहोचण्याआधीच बंद पडले किंवा जळाले. तरीही चौथ्या आणि बाराव्या ब्रिगेडचे लोक न तुटलेल्या तारांतून वाट काढत जर्मन खंदकांत शिरले, काही तास टिकले आणि दारूगोळा संपल्यावर मागे हटले. चौथ्या ब्रिगेडचे सुमारे ३,००० लोक गेले होते, त्यांपैकी २,३३९ मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. दोन्ही ब्रिगेड मिळून ११७० जण कैदी झाले. त्या युद्धात एकाच लढाईत इतके ऑस्ट्रेलियन कधीच पकडले गेले नव्हते.

त्यानंतर जॅका यांनी रणगाड्यांच्या कामगिरीवर जो अहवाल लिहिला त्यात कुठलीही मखलाशी नव्हती. यंत्रे निकामी, चालकांना परिसराची माहिती नाही आणि पायदळाशी ताळमेळ नाही, हे त्यांनी सरळ मांडले. यानंतर त्यांची पुढची वाट बंद झाली, असा तर्क केला जातो. मी इथे दोन अडचणी मांडतो.

पहिली म्हणजे हल्ल्याआधी धोक्याची सूचना देणारे जॅका एकटे नव्हते. त्यांच्या बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल पेक हेही त्याच मताचे होते. दुसरी अडचण हॅरी मरे यांची. टास्मानियात वाढलेले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात रेल्वेच्या लाकडी स्लीपरांच्या कामावर माणसे सांभाळणारे मरे हे साध्या शिपायापासून सुरुवात करून याच चौथ्या ब्रिगेडमध्ये वर चढले. त्यांना डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल, दोनदा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि १९१८ साली ते लेफ्टनंट कर्नल होऊन मशीनगन बटालियनचे प्रमुख झाले. खेड्यातून आलेल्या, शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला वर येऊ दिले जात नव्हते, असा जो सूर लावला जातो, तो मरे यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. आणि पोझिएरनंतर दोनच दिवसांनी याच ब्रिगेडमधील सोळाव्या बटालियनच्या मार्टिन ओमेरा यांनी जखमींना वाहून आणण्याचे जे काम ९ ते १२ ऑगस्टदरम्यान केले, त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिगेड शिफारशी करत होतीच.

तेव्हा उरते ते जॅका यांचा स्वभाव. सार्जंट मेजर असताना शिस्तभंग करणाऱ्याला वरिष्ठांपुढे उभे करण्याऐवजी ते स्वतःच एक ठोसा लगावून प्रकरण मिटवत असत, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीच कौतुकाने सांगितली आहे. खंदकात हे फार चांगले वाटते. पण बटालियनचा प्रमुख निवडताना वरचे लोक अशा माणसाविषयी दोनदा विचार करणारच.

शारदा_मेलबर्न :

या चर्चेत जॅका यांच्या आयुष्याचा आधीचा व नंतरचा भाग आलेला नाही, आणि त्याशिवाय त्यांचा स्वभाव नीट कळत नाही, असे मला वाटते.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९३ रोजी व्हिक्टोरिया राज्यात विंचेल्सीजवळच्या एका शेतावर झाला. सात भावंडांतील ते चौथे. ते लहान असतानाच कुटुंब वेडरबर्न या गावी आले, तिथे प्राथमिक शाळेनंतर वडिलांबरोबर मालवाहतुकीचे काम आणि पुढे राज्याच्या वनखात्यात मजुरी, असे त्यांचे भरतीपूर्व आयुष्य होते. कुंपणे घालणे, झाडे लावणे, आगीपासून बचावासाठी पट्टे मोकळे करणे अशी ती कामे. सप्टेंबर १९१४ मध्ये ते भरती झाले आणि डिसेंबरात जहाजाने इजिप्तकडे निघाले.

गॅलिपोलीनंतर त्यांचे नाव देशभर झाले. मेलबर्नचे धनाढ्य उद्योजक जॉन रेन यांनी पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या ऑस्ट्रेलियनाला ५०० पौंड आणि सोन्याचे घड्याळ देण्याचे जाहीर केले होते, ते जॅका यांना मिळाले. भरतीच्या भित्तिपत्रकांवर त्यांचा चेहरा आला. खेळाडूंनी सैन्यात यावे म्हणून १९१७ साली निघालेल्या प्रसिद्ध भित्तिपत्रकात तेच आहेत. गंमत अशी, की त्याच सुमारास त्यांचे वडील नॅथॅनिएल हे सक्तीच्या सैन्यभरतीच्या विरोधात जाहीरपणे उभे होते. ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत ऑस्ट्रेलियन मतदारांनी सक्ती नाकारली, हे आपल्याला माहीत असेलच. मुलाचे चित्र सरकारच्या भिंतीवर आणि बाप सरकारच्या विरोधात, अशा घरात वाढलेला माणूस वरिष्ठांपुढे मान तुकवणारा निघाला असता तरच आश्चर्य.

मे १९१८ मध्ये व्हिलेर-ब्रेतोनोजवळ त्यांना विषारी वायूची बाधा झाली आणि त्यानंतर ते आघाडीवर परतू शकले नाहीत. १९१९ च्या शेवटी ते मेलबर्नला आले तेव्हा गव्हर्नर जनरलांसह मोठा जमाव स्वागताला होता आणि ८५ मोटारींच्या ताफ्यातून त्यांना टाउन हॉलवर नेण्यात आले. तिथे चौदाव्या बटालियनचे लोक वाट पाहत होते. पुढे बटालियनमधील दोन जुन्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्युत उपकरणांच्या आयात-निर्यातीचा धंदा काढला आणि त्यात रेन यांचेच भांडवल होते. १७ जानेवारी १९२१ रोजी फ्रान्सिस वेरोनिका कॅरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांनी एक मुलगी दत्तक घेतली.

१९२९ साली ते सेंट किल्डा नगरपालिकेवर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी नगराध्यक्ष झाले. तो महामंदीचा काळ होता. आयातीवरील जकात वाढल्यामुळे त्यांचा स्वतःचा धंदा १९३० मध्ये बंद पडला आणि नगराध्यक्षपद सांभाळतानाच बेकारांना काम व मदत मिळवून देण्यात त्यांची बहुतेक शक्ती खर्च झाली. नंतर पोटासाठी ते साबणाच्या एका कंपनीचे फिरते विक्रेते झाले. जखमा आणि वायूने पोखरलेले शरीर डिसेंबर १९३१ मध्ये कोसळले आणि १७ जानेवारी १९३२ रोजी, म्हणजे लग्नाच्या वाढदिवसालाच, मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३९. सुमारे सहा हजार लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले आणि शवपेटीला खांदा देणारे आठहीजण व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते. इथे सेंट किल्डाच्या समुद्रकाठच्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे आणि दर वर्षी जानेवारीत त्यांच्या कबरीपाशी स्मरणसभा होते.

कोकणकडा :

विषयांतर होऊ नये म्हणून थोडक्यात लिहितो. जॅका यांच्या ब्रिगेडचा भारतीय सैन्याशी थेट संबंध आला होता, हे मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. ऑगस्ट १९१५ च्या मोठ्या हल्ल्यात ९७१ क्रमांकाच्या टेकडीकडे निघालेल्या डाव्या फळीत मोनॅश यांची चौथी ऑस्ट्रेलियन ब्रिगेड आणि एकोणतिसावी भारतीय ब्रिगेड या दोघी मेजर जनरल कॉक्स यांच्या हाताखाली एकत्र होत्या. भारतीय ब्रिगेडमध्ये शीख आणि गुरखा पलटणी होत्या. मराठा पलटणी तिथे नव्हत्या, त्या मेसोपोटेमियात लढत होत्या. रात्री अनोळखी ओढ्याघळींतून वाट चुकत गेलेली ती फळी टेकडी जिंकू शकली नाही आणि ८ ऑगस्टच्या पहाटे चौथ्या ब्रिगेडला मशीनगनच्या माऱ्याखाली मोठे नुकसान सोसून परतावे लागले. मे महिन्यात कोर्टनीज पोस्टवर असलेले किती चेहरे यानंतर बटालियनमधून नाहीसे झाले असतील, याचा विचार करावा. नोव्हेंबरपर्यंत जॅका लान्स कॉर्पोरलचे कंपनी सार्जंट मेजर झाले, त्यात त्यांच्या गुणांइतकाच या रिकाम्या झालेल्या जागांचाही वाटा होता.

माजी_सुभेदार :

'प्रतिवाद' यांनी दिलेले मरे यांचे उदाहरण बिनतोड आहे असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु ते थोडे तपासून घ्यावे. मरे तेराव्या बटालियनमध्ये होते, जॅका चौदाव्या. ब्रिगेड एकच असली तरी शिफारस बटालियनच्या कचेरीत जन्माला येते. मरे यांना ऑगस्ट १९१६ मध्ये, म्हणजे पोझिएरच्याच मोहिमेत, मूके फार्म येथील कामगिरीसाठी डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली आणि तेव्हा ते कॅप्टन होते. जॅका सेकंड लेफ्टनंट होते. त्यामुळे एकाच महिन्यातील या दोन पदकांतील फरक काही अंशी हुद्द्याचा आहे आणि काही अंशी वर पाठवलेल्या कागदाच्या भाषेचा. मरे यांच्या बटालियनला आपल्या माणसाची बाजू मांडता येत होती, एवढे त्यातून दिसते. ब्रिगेड निष्पक्ष होती हे त्यातून सिद्ध होत नाही. ओमेरा यांच्या बाबतीतही तेच म्हणता येईल, कारण जखमींना उचलून आणणाऱ्याचे साक्षीदार ते जखमी स्वतःच असतात.

आणि जॅका यांच्या स्वभावाचाच अडसर होता असे म्हणावे, तर २६ सप्टेंबर १९१७ चे पॉलिगॉन वूड विसरता येत नाही. जुलैमध्ये प्लोगस्टीर्ट जंगलाजवळ छुप्या नेमबाजाची गोळी लागून ते जवळपास दोन महिने आघाडीबाहेर होते. तिथून परतल्याबरोबर या हल्ल्यात उतरून, जर्मन काँक्रीटच्या ठाण्यांवर बटालियनला पुढे नेण्याचे काम प्रत्यक्ष आघाडीवर त्यांनीच केले. त्यात ठोसेबाजीला वाव नव्हता. तोफांच्या सरकत्या माऱ्यामागे माणसे बांधून ठेवणे, उजवी-डावी बाजू सांभाळणे आणि जिंकलेली रेषा उलटहल्ल्यापासून राखणे, हे सगळे डोके शांत ठेवून करायचे काम होते आणि ते त्यांनी नीट पार पाडले. बटालियन चालवण्याची पात्रता याहून वेगळी काय असते, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवसासाठी त्यांना कोणतेही पदक मिळाले नाही.

सातारकर_वाचक :

म्हणजे दुसऱ्या व्हिक्टोरिया क्रॉसबाबतची तक्रार त्या काळचा पायंडा पाहता फारशी टिकत नाही, परंतु पोझिएरला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डरही न मिळणे आणि पॉलिगॉन वूडनंतर काहीच न मिळणे या दोन गोष्टींचा खुलासा व्हायला हवा, असे मी आता समजतो. पोझिएरच्या वेळी चौदाव्या बटालियनचे प्रमुख पेक नव्हते, हे लक्षात घेता मूळ शिफारशीचा मजकूर कोणी लिहिला यावर लक्ष केंद्रित करून पुढचे वाचन करतो.

नकाशावाला :

बरोबर दिशा आहे. तेव्हा बटालियन लेफ्टनंट कर्नल डेअर यांच्याकडे होती आणि ब्रिगेड जुलै १९१६ मध्ये मोनॅश यांच्याकडून ब्रँड यांच्याकडे आली होती. म्हणजे ज्या ब्रिगेडियरच्या अमदानीत जॅका यांचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस वर गेला, ते पोझिएरच्या वेळी ब्रिगेडमध्ये नव्हते. ब्रँड यांना पद स्वीकारून जेमतेम महिना झाला होता. वाचताना हा बदल ध्यानात ठेवा.